घरांतील यंत्रें : जुन्या मोटारीचें गाऱ्हाणें

मागील अंकीं आम्हीं विहिरीवरील पंपाविषयीं लिहिलें, तेव्हां कांहीं वाचकांनीं कळविलें कीं, पंपापेक्षांहि अधिक चिंता घरच्या जुन्या मोटारीची असते. तिच्याविषयींहि दोन शब्द लिहावे. सूचना रास्त आहे. एकत्र कुटुंबांत मोटार ही कोणा एकाची नसते. सकाळीं ती मुलांना शाळेंत पोंचविते, दुपारीं आजोबांना डॉक्टरांकडे नेते, आणि लग्नसराईंत तर तिला श्वास घ्यावयास फुरसत नसते. अशी गाडी दोन लाख किलोमीटर चालली म्हणजे तिला घरांतील वडील माणसाचा मान मिळतो. आणि पुष्कळदां वडील माणसाप्रमाणेंच तिच्या कण्हण्याकडेहि हळूहळू कोणाचें लक्ष जाईनासें होतें. आजचा लेख या कण्हण्यासंबंधीं आहे. विशेषतः एंजिनची शक्ति चाकांपर्यंत पोंचविणारे जे अवयव, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, लांब शाफ्ट, डिफरन्शियल, एक्सल आणि चाकांचीं बेअरिंगें, त्यांच्या आवाजांसंबंधीं.

प्रथम आमची स्वतःची फजिती सांगतों, म्हणजे पुढील शास्त्र समजण्यास सोपें जाईल.

सांगलीस आमच्या घरीं मागल्या चाकांवर चालणारी, चार गिअरांची एक गाडी आहे. अण्णांनीं ती १९८४ सालीं घेतली. तिच्या अंतरमापकावर पांचच आंकडे असल्यामुळें ९९,९९९ नंतर तो पुन्हां शून्यापासून मोजूं लागतो. असा तो दोनदां शून्यावर येऊन गेला आहे. २०२३ च्या प्रारंभीं या गाडींतून एक घुमणारा आवाज येऊं लागला. वेग चाळीसच्या पुढें गेला कीं दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी घूं-घूं सुरू होई. दादांनीं व मीं विचार केला, आणि दोघांनीं एकमतानें ठरविलें कीं गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीच्या ठिकाणीं जाऊन आम्हीं तेंच सांगितलें : "गिअरबॉक्स आवाज करतो, उघडून पाहा." त्यांनीं उघडला. आंत कांहीं झीज होतीच. चाळीस वर्षांच्या गिअरबॉक्सांत ती नसेल तर नवल! दोन बेअरिंगें बदललीं, नवें तेल भरलें, भलें मोठें बिल झालें, आणि गाडी परत आली ती तशीच घूं-घूं करीत. "जुनी गाडी आहे, आवाज व्हायचाच," असें उत्तर मिळालें, आणि पैसे खर्चून बसलेल्या आम्हां दोघां भावांना तें पटलेंहि.

वैशाखांत आईला चिपळुणास तिच्या धाकट्या बहिणीकडे न्यावयाचें ठरलें. मावशी अंथरुणाला खिळली होती आणि आईचा सारा जीव तिकडे लागला होता. वाट कऱ्हाड-पाटणवरून कोयनानगर, आणि पुढें कुंभार्ली घाट. निघण्याच्या आदल्या दिवशीं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हा आवाज कशाचा तें कळल्याशिवाय मी मुलांना घेऊन या गाडींत बसणार नाहीं, आणि आईंनाहि बसूं देणार नाहीं." दादा हंसले. मीं गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचें बिल दाखविलें. त्यावर वहिनी शांतपणें म्हणाल्या, "गिअरबॉक्स तर पुढें तुमच्या पायांशीं असतो ना? मी नेहमीं मागें बसतें. मला तो आवाज माझ्या उजव्या हाताखालून येतो. आणि तुम्हीं गिअर बदललात तरी त्याचा सूर कांहीं बदलत नाहीं."

वहिनींना मोटारीची विद्या येत नाहीं. पण त्या कित्येक वर्षें तंबोरा लावीत आल्या आहेत. त्यांच्या या दोन वाक्यांत जें निदान होतें तें आम्हांस तीन महिन्यांत साधलें नव्हतें. तें कसें, हें आतां पाहूं.

एंजिनचे फेरे आणि चाकांचे फेरे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांचें परस्परांशीं प्रमाण गिअरबॉक्स ठरवितो. म्हणून कोणत्याहि आवाजाला पहिला प्रश्न असा विचारावा कीं, बाबा, तूं एंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढतोस-उतरतोस, कीं गाडीच्या वेगाबरोबर? परीक्षा सोपी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरांत चाळीसच्या वेगानें जावें, आवाजाचा सूर ध्यानांत घ्यावा, आणि तोच वेग राखून चौथा गिअर घालावा. आतां एंजिनचे फेरे कमी झाले, पण चाकांचे मात्र होते तेवढेच राहिले. सूर उतरला तर दोष एंजिन, क्लच अगर गिअरबॉक्सच्या पुढल्या भागांत शोधावा. सूर तसाच राहिला तर दोष गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टापासून चाकापर्यंत कोठें तरी आहे. याच रस्त्यावर पुढेंमागें वाहन नाहीं असें पाहून क्षणभर न्यूट्रल करावें. एंजिन मंद झालें तरी आवाज जर चालूच राहिला, तर शंकेला जागाच उरत नाहीं. मात्र ही दुसरी परीक्षा उतारावर अगर घाटांत कदापि करूं नये, आणि एंजिन तर कधींहि बंद करूं नये; उतारावर एंजिनचा रोध गमावणें म्हणजे सारा भार ब्रेकांवर टाकणें होय, आणि किल्ली फिरवून काढली तर कित्येक गाड्यांचें स्टिअरिंगच अडकून बसतें.

ज्यांचा सूर एंजिनबरोबर बदलतो अशा आवाजांची परीक्षा गाडी दारांत उभी असतांनाच होते. हातब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून एंजिन सुरू करावें आणि पाय क्लचवरून काढून घ्यावा. या स्थितींत गाडी जरी उभी असली तरी गिअरबॉक्सच्या पोटांत एंजिनकडून येणारा शाफ्ट आणि त्याच्या खालचा काउंटर शाफ्ट हे दोन्ही फिरत असतात. येथें घरघर ऐकूं आली आणि क्लच पूर्ण दाबतांच ती थांबली, तर या दोन शाफ्टांपैकीं एकाचें बेअरिंग झिजलें आहे असें समजावें. याच्या उलट, क्लचवर पाय नुसता टेकतांच किरकिर सुरू झाली आणि पाय काढतांच थांबली, तर क्लचचें रिलीज बेअरिंग दोषी. हें बेअरिंग बहुधा चालकाच्या संवयीनें मरतें. पुष्कळ लोक गाडी चालवितांना डावा पाय विनाकारण क्लचवर टेकवून ठेवतात, आणि मग बेअरिंग दिवसभर फिरत राहतें.

गिअर घालतांना खर्रकन् आवाज होत असेल तर लगेच गिअरबॉक्सला दोष देऊं नये. फिरत्या दोन चाकांचा वेग जुळवून देणारी जी पितळी कडीं असतात त्यांची योजना प्रथम १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत झाली. हीं कडीं झिजलीं म्हणजे गिअर खरखरतो हें खरें. पण क्लच पुरता सुटत नसला तरीहि तो तसाच खरखरतो. भेद असा ओळखावा : गाडी उभी करून क्लच पूर्ण दाबावा, चार-पांच सेकंद थांबावें, आणि मग रिव्हर्स घालावा. इतक्या वेळांत आंतील चाकें थांबावयास पाहिजेत. तरीहि खरखर झाली तर क्लच सुटत नाहीं. तेथें गिअरबॉक्स उघडणें म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

एकच गिअर आवाज करतो कीं सर्व, हेंहि पाहावें. फक्त दुसऱ्या गिअरांत आवाज येत असेल तर त्याच गिअरचे दांते अगर त्याचा आधार झिजला आहे. पहिल्या तीन गिअरांत घरघर आहे आणि चौथ्यांत ती जवळजवळ नाहींशी होते, तर काउंटर शाफ्टाच्या बेअरिंगांवर संशय घ्यावा. कारण जुन्या चार गिअरांच्या, मागल्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत चौथा गिअर सरळ असतो, म्हणजे शक्ति काउंटर शाफ्टावरून न जातां थेट पुढें जाते, आणि बिचाऱ्या काउंटर शाफ्टाला तेवढाच विसावा मिळतो. रिव्हर्सच्या कर्कश आवाजानें मात्र कोणीं घाबरूं नये. पुढें जाण्याच्या गिअरांचे दांते तिरपे कापलेले असतात, म्हणून ते एकमेकांत अलगद शिरतात. रिव्हर्सचे दांते बहुधा सरळ असतात, व ते एकदम आदळतात. तो आवाज गाडी नवी असतांनाहि होता. आपण ऐकला नव्हता इतकेंच.

आतां गिअरबॉक्सच्या मागें येऊं. पद्मिनी, अँबॅसिडर यांसारख्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मागल्या एक्सलपर्यंत एक लांब शाफ्ट जातो. त्याच्या सांध्यांस मिस्त्री लोक 'क्रॉस' म्हणतात. गाडी सुरू होतांना किंवा पुढून मागें घेतांना खालून 'टण्ण' असा एकच ठोका ऐकूं आला, तर क्रॉस सैल झाला असण्याचा संभव फार. एंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, शाफ्ट हातानें उलटसुलट फिरवून पाहिला म्हणजे सांध्यांतील खेळ बोटांना कळतो. १९८३ सालीं मारुति ८०० आली, तेव्हांपासून पुढल्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांचा आपल्याकडे प्रसार झाला. त्यांत हा लांब शाफ्ट नसतो. परंतु पुढल्या चाकांजवळ जे सांधे असतात त्यांवरील रबरी टोपण फाटलें कीं आंत धूळ शिरते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढतांना 'कट्-कट्-कट्' असा आवाज येतो. हा आवाज इतका स्वच्छ असतो कीं, तो एकदां ऐकलेला मनुष्य पुन्हां चुकत नाहीं.

डिफरन्शियलचा आवाज बहुधा भुंग्यासारखा असतो, आणि त्याची खूण अशी कीं तो पायाच्या हुकमांत असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला कीं एक सूर, सोडला कीं दुसरा, आणि मध्यें पाय नुसता टेकवून धरला तर जवळजवळ शांत. कारण उघड आहे : ओढतांना दांत्यांची एक बाजू काम करते, आणि गाडी एंजिनला ढकलूं लागली म्हणजे दुसरी.

येथें थोडेंसें गणित उपयोगी पडतें. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चाकाचा परीघ सुमारें १.८ मीटर धरला, तर चाक सेकंदाला सुमारें ५.५ फेरे घेतें. डिफरन्शियलचें प्रमाण चारास एक धरल्यास लांब शाफ्ट त्याच वेळीं सेकंदाला २२ फेरे घेतो. चाकाबरोबर पडणारे ठोके मन लावून ऐकले तर वेगळे वेगळे कळतात. शाफ्टाचे २२ ठोके कळत नाहींत, ते मिसळून गुरगुर होते. तेव्हां मंद वेगांत ज्याचे ठोके मोजतां येतात तो दोष चाकापाशीं, आणि जो अखंड थरथरतो तो शाफ्टापाशीं, असा स्थूल नियम ध्यानांत ठेवण्यास हरकत नाहीं. झिजलेल्या बेअरिंगाला मात्र हा नियम लागू नाहीं. त्यांतील प्रत्येक गोळी अगर रूळ खड्ड्यावरून जातांना आवाज करतो, व म्हणून एका फेऱ्यांतच अनेक ठोके होऊन त्यांची घूं-घूं बनते.

हीच आमची घूं-घूं होती. वहिनींच्या बोलण्यानंतर त्याच सायंकाळीं आम्ही तिघें मिरजेच्या रस्त्याला गेलों. दादा चालवीत होते, वहिनी आपल्या नेहमींच्या जागीं, आणि मी त्यांच्या डाव्या हाताला. तिसऱ्यांतून चौथा गिअर घातला, सूर बदलला नाहीं. न्यूट्रल केलें, तरीहि बदलला नाहीं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला, त्यानेंहि फरक पडेना. म्हणजे डिफरन्शियल सुटला. मग आम्हीं मोकळी जागा पाहून स्टिअरिंग हलकेंच डावीकडे वळविलें, आणि घूं-घूं एकदम वाढली; उजवीकडे वळवितांच ती ओसरली. गाडी डावीकडे वळली म्हणजे तिचा भार उजव्या चाकांवर जातो. भार वाढतांच जें ओरडतें तेंच दुखतें आहे. टायरचा आवाजहि पुष्कळदां असाच फसवितो. परंतु तो डांबरी रस्त्यावर एक आणि सिमेंटच्या रस्त्यावर निराळा लागतो. आमच्या आवाजानें रस्त्याची पर्वा केली नाहीं.

दुसऱ्या दिवशींचें निघणें रहित करून एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविलें. पॅरिस येथें १८१६ सालीं लेनेक नांवाच्या वैद्यानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून हृदय ऐकलें, आणि त्यांतून स्टेथॉस्कोप निघाला. आमच्या मिस्त्रींनीं लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून तेंच केलें. गाडीचा मागला भाग जॅकवर उचलून खालीं भक्कम आधार दिला, पुढल्या चाकांना दगड लावले, आणि उजवें मागलें चाक हातानें फिरवूं लागले. मग त्यांनीं मला चाकाजवळच्या एक्सलवर तळहात ठेवावयास सांगितलें. वाळू चाळतांना चाळणी जशी हाताला लागते तसें आंत कांहीं तरी खरखरत होतें. डाव्या बाजूस तसें कांहींच लागलें नाहीं.

बेअरिंग काढल्यावर जें दिसलें तें येथें लिहिणें अवश्य आहे. त्याच्या कडीला खड्डे पडले होते, आणि उष्णतेनें पोलादाला निळसर रंग चढला होता. शेजारचें सील गेल्यामुळें एक्सलमधील तेल ब्रेकच्या पट्ट्यांपर्यंत पोंचलें होतें. आमच्या गाडीच्या घडणींत चाकाचा दांडा या बेअरिंगानेंच जागीं धरलेला असतो. बेअरिंग पार मोडलें तर दांड्यासकट चाक बाहेर सरकूं शकतें. मिस्त्री फार बोलले नाहींत. त्यांनीं कडी माझ्या हातांत ठेवली आणि विचारलें, "घाट उतरणार होतां ना?" आई ओसरीवर बसून ऐकत होती. दादांनीं वहिनींकडे पाहिलें, पण काय बोलावें तें त्यांना सुचेना. मलाहि सुचलें नाहीं. नवें बेअरिंग, सील आणि ब्रेकच्या पट्ट्या मिळून जो खर्च आला तो गिअरबॉक्सच्या बिलाच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी होता. दोन दिवसांनीं गाडी निमूटपणें कुंभार्ली उतरली, आणि मावशीची व आईची भेट झाली.

आतां दोष कोणाचा? दुरुस्ती करणाराला नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु 'गिअरबॉक्स उघडा' असें सांगितलें कोणीं? आम्हींच. वैद्याकडे जाऊन 'माझें यकृत बिघडलें आहे, त्यावर औषध द्या' असें म्हणणाऱ्या रोग्यासारखें आमचें झालें. म्हणून या लेखांतील एकच गोष्ट ध्यानांत ठेवावयाची तर ती ही कीं, मिस्त्रीला रोगाचें नांव सांगूं नये, लक्षण सांगावें. गाडींत एक लहान वही ठेवावी आणि तींत पांच गोष्टी लिहाव्या : आवाज कसा आहे, कोणत्या वेगाला येतो, गिअर बदलल्यानें बदलतो काय, अ‍ॅक्सिलरेटर वा क्लच दाबल्या-सोडल्यानें बदलतो काय, आणि वळणावर बदलतो काय. दुरुस्तीपूर्वीं मिस्त्रीला शेजारीं बसवून तो आवाज प्रत्यक्ष ऐकवावा, आणि दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावरून पुन्हां फेरी मारल्याशिवाय बिल चुकतें करूं नये.

तेलाविषयीं दोन शब्द. गिअरबॉक्सचें तेल कमी झालें तरी आवाज होतो, म्हणून सर्वांत आधीं तेलाची पातळी पाहावी. हें काम सर्वांत स्वस्त आणि तेंच बहुधा राहून जातें. तेल काढतांना खालच्या नटावर राखाडी चिखलासारखा बारीक थर दिसला तर भिऊं नये. परंतु पोलादाचे कपचे सांपडले तर गाडी पुढें चालवूं नये. जुन्या गाड्यांच्या डिफरन्शियलला जें जीएल-५ प्रतीचें तेल मानवतें, तें पितळी कड्यांच्या गिअरबॉक्सला मानवेलच असें नाहीं; त्यांतील कांहीं द्रव्यें पितळेला खातात. तेथें सामान्यतः जीएल-४ सांगितलेलें असतें. दोहोंना एकाच डब्यांतून तेल ओतण्याची दुकानदारी सोय टाळावी, आणि गाडीबरोबर आलेलें पुस्तक पाहावें.

शेवटीं, गाडी ठेवावी कीं काढावी? मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपतांच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर तपासणी करवून पांच पांच वर्षांनीं नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ही तपासणी केवळ सरकारी उपचार न समजतां घरानेंहि त्या निमित्तानें आपला हिशेब करावा. सुटे भाग मिळतात, कणा गंजलेला नाहीं, आणि दोष एकेक करून ओळखतां येतात, तोंवर गाडी ठेवण्यांत शहाणपणा आहे. नाकापेक्षां मोती जड होऊं लागला म्हणजे मात्र ममता आवरती घ्यावी. पण निदान केल्यावांचून गाडी विकणें आणि निदान केल्यावांचून ती चालविणें, या दोन्ही गोष्टी सारख्याच अविचाराच्या आहेत.

आमच्या घरीं आतां असा नियम झाला आहे कीं, लांबच्या प्रवासापूर्वीं वहिनींनीं मागें बसून एक फेरी मारावयाची, आणि त्यांनीं होकार दिल्यावरच सामान भरावयाचें. जो चालवितो त्याचें लक्ष रस्त्याकडे असतें, आणि त्याच्या कानांना आवाजाची संवयहि झालेली असते. मागें बसणाराला ऐकूं येतें तें त्याला येत नाहीं. वाचकांनींहि आपापल्या घरीं मागल्या बैठकीवरील माणसाला एकदां विचारून पाहावें.

पुढील अंकीं शिवणयंत्राच्या धाग्याविषयीं लिहूं.